आबांचं यॉर्क

लासुर्ण्यात विलायत बघून आलेल्यांचं आता कुणाला कौतुक नाही. पोरगा तिकडे, सून तिकडे, मग बाळंतपणाला म्हातारा-म्हातारी तिकडे. पण परत येऊन अख्ख्या आळीला ओसरीत बसवून मोबाइलवर काढलेला पिच्चर टीव्हीवर दाखवणारे एक आबाच.

आबा साखर कारखान्याच्या शेतकी खात्यातून निवृत्त झालेले. हयात उसाच्या नोंदी घेण्यात गेली, तेव्हा यॉर्कचीही त्यांनी नोंदच घेतली. तीन किलोमीटरांहून लांब असलेला शहराचा तट त्यांनी पावलांनी मोजला, आणि उंची कळावी म्हणून जागोजागी काकूंना मापाला उभं केलं. काकूंचा चेहरा पहिल्या वेशीपाशी हसरा आहे, पुढे नाही. कॉन्स्टंटाइन 306 साली याच गावात रोमचा सम्राट झाला. त्याच्या पुतळ्याला पापणी लवेपर्यंतच वेळ मिळाला. तिथं मोजण्यासारखं काही नव्हतं.

मिन्स्टर म्हणजे तिथलं भव्य चर्च. पडद्यावर निम्मं चर्च, निम्मा आबांचा अंगठा. "काम सुरू 1220च्या सुमाराला. पूर्ण 1472. अडीचशे वर्षं!" मागून सूनबाईंचा दबका आवाज: "आबा, हळू. प्रार्थना चाललीय."

पुढं पूर्वेची प्रचंड रंगीत काचेची खिडकी. "ठेकेदार जॉन थॉर्नटन. 1405 ला करार, मुदत 3 वर्षं. वेळेत केलं म्हणून 10 पौंड जादा."

"आबा, आतापर्यंतचं पटलं," ओसरीतून एकजण म्हणाला, "पण ठेकेदारानं वेळेत केलं?"

शॅम्बल्स ही जुनी खाटीक आळी. वरचे मजले इतके पुढं झुकलेले, की समोरासमोरच्या बायकांना खिडकीतूनच विरजण मागता यावं. दुकानांबाहेर मांस टांगायचे आकडे अजून आहेत. आबांनी ते हलवूनही पाहिले.

मात्र पिच्चरचा सगळ्यात लांब भाग एका मोकळ्या जागेचा. तिथला बीटचा साखर कारखाना 2007 ला बंद पडला. ना इमारत, ना धुराडं. नुसता वारा आणि आबांचं बोलणं. इतका वेळ तंबाखू मळत बसलेली ओसरी इथं सावरून बसली.

"शेतकऱ्यांची देणी भागवली का?"

"बीटला टनाला काय भाव व्हता?"

आबा गडबडले. नोंद राहिली होती. तिथल्या तिथं मुलाला फोन लागला. तो बिचारा मीटिंगमध्ये.

"बरंच झालं की," आबा म्हणाले, "तिथं बसलेल्यांनाच विचार."