दिवाणजींची बोटं

मेहरूणच्या तलावाला सकाळची फेरी मारणाऱ्या जळगावच्या दिवाणजींना विचारा, २०२० साली जगात काय उलथापालथ झाली? करोनाचं नाव दुसरं येईल. पहिलं, टॅली प्राइम.

त्या नोव्हेंबरात टॅली या हिशेबाच्या सॉफ्टवेअरची ईआरपी ९ जाऊन ही नवी आवृत्ती आली, वापरायला सोपी म्हणून. कुणाला सोपी? जो जन्मात कधी व्हाउचर टाकणार नाही, त्याला. दिवाणजी पडदा बघतच नाहीत हो. डोळे बिलावर, कानाला फोन, फोनवर तुरीचा भाव, आणि बोटं आपली आपण चालतात. विक्री एफ८, विकलेली डाळ परत आली की त्याच कळीला कंट्रोलची जोड देऊन क्रेडिट नोट. शहाण्याला पटेल असा हिशेब. सुधारणा अशी झाली की क्रेडिट नोट गेली ऑल्ट-एफ६ वर, आणि कंट्रोल-एफ८ वर येऊन बसली सेल्स ऑर्डर! म्हणजे किडकी डाळ परत करणाऱ्या गिऱ्हाइकाच्या नावावर, जुन्या सवयीनं, ताज्या मालाची ऑर्डर.

ऑल्ट-जी दाबलं की हव्या त्या अहवालावर थेट उडी मारता येते, हे कबूल; ते झकास केलंय. पण कळा हलवण्याआधी एखाद्या दिवाणजीशेजारी मार्चअखेरीची एक रात्र काढायला काय हरकत होती?

शेठजी मात्र खूश आहेत. पडदा कसा मोकळा, देखणा दिसतो म्हणतात. टॅली त्यांनी स्वतः अजून उघडलेली नाही.