एका रुपयाच्या हत्तीविषयी अनावृत पत्र

प्रति,
मालक, जुन्या नाण्यांचे दुकान
विषय : सन १९११ चा एक रुपया, त्यावरील हत्ती व दुकानाची सेवा



जुन्या नाण्यांच्या दुकानात एक रुपयाचे नाणे एक रुपयाला मिळत नाही आणि त्याबद्दल गिऱ्हाइकाची तक्रारही नसते. किराणावाला डाळ विकतो, कापडवाला कापड विकतो. नाणेविक्रेता मात्र धातू विकत नाही. चांदी विकायला सराफ आहेत, आणि ते वजनावर भाव लावतात. नाणेविक्रेता विकतो ती खात्री. हे नाणे अमुक सालचे आहे, अमुक टांकसाळीत पडले आहे आणि गेल्या पावसाळ्यात कुणाच्या पोटमाळ्यावर ओतलेले नाही, ही ती खात्री. रुपयातल्या चांदीची किंमत आणि दुकानाने सांगितलेली किंमत यांतला फरक म्हणजे या खात्रीचा भाव. तो रोख घेतला जातो. खात्री किती दिली जाते, हा प्रस्तुत पत्राचा विषय आहे.

दुकानाची रचना साधी असते. काचेचे काउंटर, काचेखाली प्लॅस्टिकच्या खिशांचे आल्बम, भिंतीवर धूळ खाणारी एखादी चौकट आणि काउंटरपलीकडे मोबाइलमध्ये बुडालेले मालक. खुर्ची एकच असून ती पलीकडच्या बाजूला असते. भिंग खणात असते. ते मागितल्यास प्रथम एक प्रश्न विचारला जातो : ‘बघायचंय की घ्यायचंय?’ न बघता कसे घ्यायचे, असा प्रतिप्रश्न करणारे गिऱ्हाईक दुकानाच्या दृष्टीने भांडखोर ठरते. आल्बमचे खिसे बहुधा मऊ पीव्हीसीचे असतात. असे प्लॅस्टिक जुने झाले की त्यातून आम्ल सुटते आणि तांब्या-चांदीवर हिरवट, चिकट थर धरतो. हा थर दाखवल्यास ‘जुनं आहे ना, त्याचाच रंग तो’ असे उत्तर मिळते. हाच थर ‘काढून देण्याची’ सेवाही याच काउंटरवर उपलब्ध आहे. एक पोऱ्या भांडी घासायच्या पावडरीने नाणे लख्ख करून आणतो, आणि शंभर वर्षांत चढलेली झाक पाच मिनिटांत उतरते. संग्राहकांच्या लेखी घासलेल्या नाण्याची किंमत पडते, हे पोऱ्याला माहीत नसते. मालकांना असते, कारण तेच नाणे विकायला नेले की ते पहिल्यांदा म्हणतात, ‘घासलेलं दिसतंय. याचं काही येणार नाही.’

या धंद्याचे पूर्वज अर्थातच सराफ आणि पोतदार. पेशवाईच्या काळात बाजारात एकच रुपया चालत नसे. अंकुशी, चांदवडी, सुरती अशा नाना टांकसाळींचे नाना रुपये एकाच थैलीत येत. कशात चांदी किती, कोण किती झिजला, हे पारखणे पोतदाराचे काम. सरकारी भरण्यातला प्रत्येक रुपया त्याच्या हाताखालून जाई. तो नाणे दगडावर वाजवी, काट्यावर तोली आणि कमी भरला तर बट्टा कापी. आज ‘बट्टा लागणे’ नावलौकिकाच्या संदर्भात वापरतात. मूळचा बट्टा हिशेबाच्या वहीत होता. कंपनी सरकारने १८३५ मध्ये सर्वत्र एकच रुपया आणला, १८० ग्रेनांचा म्हणजे ११.६६ ग्रॅमचा, बारा भागांत अकरा भाग चांदी असलेला, आणि पोतदाराची गरज हळूहळू संपली. आडनाव राहिले. पोतदाराबद्दल लोकांच्या तक्रारी नसतील असे नाही; बट्टा कुणालाच गोड लागत नाही. पण तो नाणे गिऱ्हाइकासमोर वाजवून दाखवी. आजच्या काउंटरवर बट्टा आधी कापतात.

आता प्रस्तुत रुपयाकडे. राजा पंचम जॉर्ज १९११ मध्ये गादीवर स्थिर झाला आणि त्याच्या मुद्रेचे रुपये मुंबई व कलकत्त्याच्या टांकसाळींत पडू लागले. राजाने पांघरलेल्या झग्यावर ‘ऑर्डर ऑफ द इंडियन एम्पायर’ या सन्मानाची साखळी आहे, आणि साखळीत एक हत्ती आहे. चित्र बर्ट्रम मॅकेनल या शिल्पकाराचे. त्याचा हत्ती आखूड सोंडेचा, बुटक्या पायांचा निघाला आणि हिंदुस्थानातल्या बाजारात तो हत्ती म्हणून कुणी ओळखलाच नाही. हे डुक्कर आहे, अशी बोलवा उठली. मुसलमान प्रजा संतापली, आणि डुकराचे चित्र छातीवर मिरवणारा राजा इतरांनाही काही भूषणावह वाटला नसावा. सरकारने रुपये मागे घेतले, टांकसाळीत पडून असलेले बहुतेक वितळवले आणि १९१२ पासून सोंड ठळक व कान मोठे करून नवा हत्ती बसवला. संग्राहकांत १९११ चा रुपया तेव्हापासून ‘डुकराचा रुपया’ म्हणूनच ओळखला जातो, आणि पुढच्या वर्षांच्या रुपयांच्या मानाने तो कितीतरी पट महाग आहे. नाण्यांच्या जगात चूक सुधारलेल्या मालापेक्षा चुकलेल्या मालाला भाव जास्त असतो. दुकानदारीतही ही रीत लागू पडते, असा काही मालकांचा समज झालेला दिसतो.

उपरोक्त दुकानातून एका गिऱ्हाइकाने असा रुपया घेतला. फोटो फोनवर आला होता, साल स्पष्ट होते, पैसे पोचते झाले. तिसऱ्या दिवशी पुडके आले : वर्तमानपत्राच्या घड्या, आत रबरबँड, आत प्लॅस्टिकचे पाकीट, आत रुपया. बिल म्हणून वहीचा एक कपटा, त्यावर ‘जुना माल – १ नग’. बोहाऱ्याच्या टोपलीतल्या मालालाही याहून नेमके वर्णन मिळते.

रुपया काट्यावर ठेवला तर ११.६२ ग्रॅम भरला. इतकी झीज शंभरी उलटलेल्या नाण्याला शोभणारीच. फरशीवर टाकला तर खणखणीत वाजला. कडेला सांधा नाही, पृष्ठभागावर ओतीव नाण्याला असतात तशी छिद्रे नाहीत. मग भिंग राजाच्या झग्यावर गेले. हत्ती दिसला, आणि तो अगदी हत्तीसारखा हत्ती होता. सोंड लांब, कान सुपाएवढे. हा हत्ती १९११ साली जन्मलाच नव्हता.

नाणे उलटे केल्यावर उलगडा झाला. फुलांच्या वेलबुट्टीत साल होते, पण शेवटचा एक किंचित तिरका, उतारावर उभ्या असलेल्या माणसासारखा. त्याच्या माथ्याजवळची जमीन बाकीच्या जमिनीहून गुळगुळीत आणि बारीक ओरखड्यांची. सातचा आडवा दांडा तासला की एक उरतो. रुपया १९१७ चा होता. पहिल्या महायुद्धाच्या त्या वर्षांत रुपये कोट्यवधींनी पडले आणि तरी चांदी पुरेना, म्हणून त्याच सालच्या नोव्हेंबरात सरकारला एक रुपयाची कागदी नोट काढावी लागली. असा रुपया आजही जुन्या पेटीतून, देव्हाऱ्यातून, आजीच्या बटव्यातून सहज निघतो. एका आकड्याचा दांडा तासून त्याची किंमत वाढते ती लेण्याच्या पाथरवटालाही न साधलेल्या दराने.

तक्रार नेल्यावर दुकानाने जे सांगितले ते शब्दशः खरे होते, हे नमूद करणे न्याय्य ठरेल. ‘वजन करून बघा. वाजवून बघा. चांदी शंभर टक्के खरी आहे.’ वजन बरोबर, नाद बरोबर, चांदी खरी. पोतदारानेही हा रुपया बट्टा न कापता घेतला असता, कारण त्याला सालाशी कर्तव्य नव्हते. गिऱ्हाइकाने मात्र पैसे सालाचे मोजले होते, आणि या नाण्यात खोटे होते ते तेवढेच. सराफाच्या कसोटीला उतरलेला माल नाणेविक्रेत्याच्या भावाने विकायचा आणि तक्रार आली की पुन्हा सराफाची कसोटी पुढे करायची, ही या दुकानाच्या सेवेची मध्यवर्ती पद्धत आहे.

पुढील संभाषणाचे टप्पे ठरलेले असतात. प्रथम गिऱ्हाइकाच्या दृष्टीवर शंका : ‘चष्म्याचा नंबर तपासून घ्या.’ मग ज्ञानावर : ‘हत्ती तो हत्तीच हो, त्यात काय सोंड मोजायची?’ हे वाक्य डुकराचा रुपया म्हणून माल विकणाऱ्या माणसाने उच्चारले, ही नोंद संग्रही ठेवण्याजोगी आहे. मग पुरवठादारावर : ‘आम्हालाही असाच आला.’ मग हेतूवर : ‘बाजार पडला म्हणून परत करताय ना?’ त्यानंतर सल्ला येतो. एवढे बारीक बघायची आवड असेल तर नाशिकजवळ अंजनेरीला नाणेशास्त्राची संशोधनसंस्था आहे, तिकडे जावे. संस्था खरोखरच आहे, १९८० पासून आहे, आणि तेथे जाण्याचा सल्ला अगदी योग्य आहे. तो काउंटरच्या दोन्ही बाजूंना लागू पडतो, एवढीच पुरवणी.

शेवटचा टप्पा तडजोडीचा. पैसे परत मिळत नाहीत, पण ‘याच्याऐवजी दुसरं काहीतरी घ्या’. या दुसऱ्या काहीतरीमध्ये एका बाजूला राम-सीता किंवा मारुती आणि दुसऱ्या बाजूला ईस्ट इंडिया कंपनीचे नाव व १८१८ साल असलेले तांब्याचे चकते होते. कंपनीने मारुतीचे नाणे कधीच पाडले नाही. देवळाबाहेर विकायला केलेली ही टोकने आहेत, आणि काहींवर साल १६१६ सुद्धा असते, म्हणजे शिवाजी महाराजांच्या जन्माच्याही आधीचे. श्रद्धेने देव्हाऱ्यात ठेवावीत, हरकत नाही. काउंटरवर ‘दुर्मीळ’ म्हणून ठेवू नयेत.

दर्जाच्या नावांबद्दल थोडेसेच. नाण्याची स्थिती सांगण्यासाठी अमेरिकेतल्या विल्यम शेल्डनने १९४९ मध्ये एक ते सत्तर अशी मोजपट्टी मांडली आणि ती पुढे जगभर पसरली. येथील काउंटरवर दोनच पायऱ्या आढळतात. विकताना प्रत्येक नाणे ‘यूएनसी’, म्हणजे व्यवहारात न फिरलेले असते. घेताना तेच नाणे ‘फार चाललेलं’ असते.

कायदा या बाबतीत दुकानदारीपेक्षा स्पष्ट आहे. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार बिल न देणे ही अनुचित व्यापारी प्रथा आहे. सदोष माल बिलावर लिहिलेल्या मुदतीत, आणि मुदत लिहिली नसेल तर तीस दिवसांत, परत घेऊन पैसे देण्यास नकार देणे हीसुद्धा. ‘एकदा विकलेला माल परत घेतला जाणार नाही’ ही काउंटरवरची पाटी त्यामुळे भिंत सजवण्यापुरती उपयोगी आहे. जिल्हा आयोगात तक्रार करायला दोन वर्षांची मुदत असते. राष्ट्रीय हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे, जो योगायोगाने पंचम जॉर्जच्याच कारकिर्दीतले एक साल आहे. शिवाय शंभर वर्षांवरचे नाणे १९७२ च्या कायद्याने पुरावस्तू ठरते. त्याच्या व्यापाराला परवाना लागतो आणि ते खासगी माणसाला परदेशी पाठवता येत नाही. ‘न्यू जर्सीला पण कुरिअर करतो’ ही जाहिरात म्हणजे लेखी कबुलीजबाब होय. तासलेल्या सातामुळे या रुपयाचे पुरावस्तूपण बिघडत नाही. १९१७ लाही शंभर वर्षे उलटली आहेत.

मालकांची बाजूही मांडली पाहिजे, कारण तिच्यात तथ्य आहे. रोज दहा माणसे वैष्णोदेवीचे पाच रुपयांचे नाणे किंवा ट्रॅक्टरची पाचाची नोट घेऊन येतात आणि लाखाच्या खाली बोलत नाहीत. कुठल्यातरी व्हिडिओत त्यांनी तो आकडा ऐकलेला असतो. वैष्णोदेवीचे नाणे २०१२ चे, टांकसाळीतून ढिगाने आलेले. असल्या सौद्यांत रिझर्व्ह बँकेचे नाव वापरून कमिशन आणि कर उकळले जातात, असा इशारा खुद्द बँकेला ऑगस्ट २०२१ मध्ये द्यावा लागला. सकाळपासून अशा लक्षाधीशांना परतवून लावणाऱ्या माणसाचा संध्याकाळी आवाज चढला तर नवल नाही. नवल याचे, की आल्या माणसाला ‘या नोटेचे पाचच रुपये’ असे शांतपणे, कारणासहित सांगणारे म्हातारे विक्रेते पुण्याच्या जुन्या बाजारात पथारीवर बसलेले आढळतात. त्यांच्याकडे काउंटर नसते, भिंग मात्र पथारीवर सर्वांत पुढे ठेवलेले असते.

दुकानाकडून अपेक्षित गोष्टी मोजक्या आहेत. भिंग काउंटरवर असावे. बिलावर ‘जुना माल’ऐवजी राजा, साल, टांकसाळ आणि वजन लिहावे. सालाबद्दल शंका निघाल्यास चांदीबद्दल उत्तर देऊ नये. गिऱ्हाइकासाठी एखादे स्टूल मिळाल्यास उत्तम, पण त्याचा आग्रह नाही. प्रस्तुत रुपया परत पाठवला आहे. तो आल्बममध्ये परत लावताना कोणत्या सालच्या खिशात घालायचा, हे वरील वर्णनावरून ठरवता येईल.

कळावे,
एक गिऱ्हाईक

सोबत : रुपया, १ नग, ११.६२ ग्रॅम, सन १९१७.