नानांचा नारळ

आळेफाट्यावर कांद्याचे ट्रक चुकवत, पिशवीत शेंडीचा नारळ घेऊन कुणी टोपीवाला घाईनं चाललेला दिसला, तर तो पाणाड्या समजावा. आमच्याकडच्या पाणाड्याला सगळे नाना म्हणतात. चप्पल काढायची, तळहातावर नारळ आडवा ठेवायचा आणि वावरातून चालू लागायचं. नारळ उभा राहिला की खाली पाणी. नारळ उभा राहिला नाही, असं कधी झालेलं नाही. पाणी लागलं नाही, असं पुष्कळदा झालंय.

त्याची कारणं नानांकडं तयार असतात. बोअरवाल्यानं खुंटी दोन फूट सरकवली. पाहणीच्या वेळी मालकाचा मेहुणा आडवा आला. आणि सगळ्यांत जालीम म्हणजे, "झरा हाये, तुझ्या नशिबात न्हाई." ज्या गावात वेद बोललेल्या रेड्याची समाधी आहे, तिथं नारळाच्या बोलण्यावर शंका कोण घेणार?

खडक मात्र नाना खरोखर ओळखतात. बोअरमधून उडणारी पूड चिमटीत धरायची आणि मुरूम, मांजऱ्या, गेरू, काळा पाषाण असे थर सांगत जायचं. तिथं ते सहसा चुकत नाहीत. नारळ नसता तर नाना भूवैज्ञानिक झाले असते.

आगळीक माझी. पारावर मी बोलून बसलो की, आइसलँडमध्ये 2012 साली कार्बन डायऑक्साइड पाण्यात विरघळवून आपल्यासारख्याच काळ्या खडकात सोडला आणि दोन वर्षांच्या आत 95 टक्क्यांहून जास्त वायूचा दगड झाला. त्या आंबट पाण्यात खडकातलं कॅल्शियम, मॅग्नेशियम सुटतं आणि वायूला धरून बसतं.

"म्हंजे जमिनीला सोडा पाजायचा," नाना म्हणाले. मला पाच वाक्यं लागली होती.

त्यांनी घरून विहिरीच्या खोदाईत सापडलेली पांढरी गारगोटी आणली. दख्खनचा लाव्हा थंड होऊन साडेसहा कोटी वर्षं झाली. त्याच्या पोकळ्यांत असे स्फटिक निसर्गानंच भरून ठेवलेत आणि त्यांतला कॅल्साइट म्हणजे असाच दगड झालेला वायू, हे मी सांगितलं. तिथं थांबायला हवं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळीच नाना वही घेऊन दारात.

"एकोणचाळीस बोअर हायेत. लोक कोरडे म्हणत्यात. आरं, कोरडे नव्हते, रिकामे ठेवले होते!"

जिथं पाणी शिरायला फट नाही तिथं वायू कसा शिरणार, असं मी विचारलं. शिवाय तिकडं वायू सोडला तो 400 ते 800 मीटर खोल, म्हणजे तेराशे फुटांच्या खाली.

"खोली वाढवू. दर पण वाढवू."

शेवटी मी आकडा काढला. एक टन वायू मुरवायला साधारण 25 टन पाणी लागतं.

"पंचवीस हजार लिटर? दोन टँकरच्या वर?"

"आणि पावणेचारशे लिटर डिझेल जळलं की एक टन वायू होतो."

नानांनी फाट्याकडं पाहिलं. ट्रकांची रांग हलत नव्हती. "मे महिन्यात बाया हंडे घेऊन उभ्या ऱ्हात्यात, अन् तुम्ही धुराला पाणी पाजणार? काय लाज?"

राग बिनतोड होता. मी घाईनं अमेरिकेचं सांगितलं: वॉशिंग्टन राज्यात 2013 साली सुमारे हजार टन वायू नुसत्या दाबानं बेसाल्टमध्ये सोडला. वेगळं पाणी मिसळावं लागलं नाही आणि खाली त्याचाही दगड झालेला सापडला.

"पाण्याबिगर?" नाना सावध झाले. "मग त्यात माझं काम काय?"

वही मिटली. जरा वेळ गेला.

"तिकडचं ऱ्हाऊ दे. ते आइसलँडचंच बरं हाये. फक्त आधी पाणी बघावं लागंल. नारळ तुझा."

नारळ मी आणला. उभा राहिला.