शोलेतला आपला माणूस

‘शोले’ला पन्नास वर्षं झाली तेव्हा आमच्या सोसायटीत अभिनंदन माझं झालं. म्हणजे मी ते करून घेतलं. 15 ऑगस्ट 2025 च्या आधी बरेच दिवस मी असा वावरत होतो, की रामनगरमच्या त्या खडकांवर अमजद खानच्या शेजारी उन्हात मीच तापलो होतो. प्रत्यक्षात 1975 साली मी पाळण्यात होतो. पण ‘मिनर्व्हात पाहिलात का हो?’ असं कुणी विचारलं की मी नुसता हसतो. त्या हसण्यात खोटं काही नाही. मुंबईच्या मिनर्व्हा थिएटरात तो पाच वर्षांहून जास्त चालला. तेवढ्या काळात आईच्या कडेवरून एखाद्या मॅटिनीला मी गेलोच नसेन, हे सिद्ध करून दाखवा.

माझी खरी पंचाईत निराळीच आहे. गब्बरची भूमिका आधी डॅनीला देऊ केली होती, तो ‘धर्मात्मा’च्या शूटिंगला अफगाणिस्तानात अडकला, चित्रीकरणाच्या वेळी जया भादुरीला दिवस गेले होते, असला ऐवज पूर्वी लग्नाच्या पंगतीत दोन जिलब्या जास्त मिळवून द्यायचा. आता वाढपीच खिशातून फोन काढतो आणि माझ्या आधी सांगून मोकळा होतो. तेव्हा मी एक खास दालन उघडलं : ‘शोले’मधला मराठी माणूस.

हे आपलं जुनंच दुखणं. जगात कुठंही काही भव्य घडलं, की त्यात आपलं कोण होतं ते आधी बघायचं. ‘शोले’त सापडायला फार वेळ लागत नाही. इमामसाहेबांचा मुलगा अहमद म्हणजे आपला सचिन, आणि कालिया म्हणजे आपले विजू खोटे. दोघेही गब्बरच्या हातून मरतात. ‘मराठी माणसाची हिंदीतली वाटचाल!’ असं म्हणून मी थांबतो आणि हशा येऊ देतो. तेरा वर्षांनी, 1988 मध्ये, त्याच अहमदनं ‘अशी ही बनवाबनवी’ दिग्दर्शित केला आणि त्यात कालियालाही घेतलं, हे सांगितलं की टाळ्या. टाळ्या घेताना मी मान किंचित खाली घालतो, जसं काही कास्टिंग मीच केलं होतं.

तिसरं नाव मी शेवटी काढतो. हुकमाचा एक्का आहे तो. 1975 सालासाठी ‘शोले’ला फिल्मफेअरचा पुरस्कार मिळाला फक्त एक. सर्वोत्कृष्ट चित्रपट ‘दीवार’, दिग्दर्शन ‘दीवार’. सलीम-जावेदना कथा-पटकथा-संवादाची बक्षिसं मिळाली, तीही ‘दीवार’साठीच. ‘शोले’च्या वाट्याला आलं संकलनाचं. संकलक एम. एस. शिंदे. (पुढं 2005 साली त्याच फिल्मफेअरनं ‘शोले’ला पन्नास वर्षांतला सर्वोत्तम चित्रपट ठरवलं. मोठ्या संस्थांना झोपेतून उठायला थोडा वेळ लागतो.)

इथं मला आवरणं कठीण जातं. कारण शिंद्यांच्या टेबलावर काय झालं असेल ते मी हातांनी करून दाखवतो. पडद्यावर पोचलेला ‘शोले’ तीन तासांहून मोठा. पस्तीस मिलिमीटरची फिल्म मिनिटाला नव्वद फूट धावते, म्हणजे सोळा हजार फुटांच्या वर. ही झाली ठेवलेली फिल्म. टाकलेली किती पट असेल ते बघा. आणि हे सगळं कात्री नि चिकटपट्टीनं. अहमदचा मृत्यू आठवा. तो आपल्याला दिसतच नाही. पहुडलेल्या गब्बरच्या हातावर मुंगी चढते, तो थोडा वेळ तिच्याकडं बघतो, मग चापट मारतो. पुढं एकदम घोडा, आणि घोड्यावर गावाकडं निघालेला देह. मधलं सगळं आपल्या डोक्यात घडतं. किंवा ठाकूरच्या कुटुंबाचं हत्याकांड घ्या : एकेक माणूस कोसळता कोसळता चित्रासारखा थिजतो, झोपाळा कुरकुरत राहतो. मुलावर गोळी झाडलेली आपण पाहत नाही, आपल्या अंगावर येते ती आगगाडी. कल्पना कागदावर कुणाचीही असो, पण कुठल्या चौकटीनंतर कुठली, हे ठरतं ते संकलकाच्या टेबलावर. एक चौकट पुढं-मागं झाली असती तर मुंगी मुंगीच राहिली असती.

‘अहो, मुंगी पुरे,’ असं बायको इथं म्हणते. एकदा तिनं विचारलं, ‘हे शिंदे तुमचे कोण?’

म्हटलं तर कुणीच नाहीत. शिंदे 2012 साली गेले. अखेरच्या काळात ते धारावीतल्या एका लहानशा खोलीत राहायचे. हे वाचलं तेव्हा मला राग कुणाचा आला ते नीट सांगता येत नाही. ज्या सिनेमाच्या संवादांच्या तबकड्या गणपतीच्या मांडवातून आमच्या कानांवर आदळत होत्या, त्याचं एकुलतं एक फिल्मफेअर ज्या घरात गेलं, तिथं हे असं. पन्नाशीच्या वर्षी ‘शोले’ बोलोन्याच्या महोत्सवात दाखवला, सेन्सॉरनं बदलायला लावलेला मूळ शेवट पुन्हा जोडून. मी वाचलेल्या बातम्यांत कापलेल्या तुकड्यांचं केवढं कौतुक होतं! कापणाऱ्याचं नाव मी त्यांत शेवटपर्यंत शोधत राहिलो. आणि मी तरी काय करत होतो? त्यांचं आडनाव टाळ्यांसाठी वापरत होतो. शिंद्यांच्या जागी अय्यर असते तर मी ही मुंगी इतक्या प्रेमानं मारली असती का?

सोसायटीच्या कार्यक्रमात माझं भाषण तासाभराचं होतं. सेक्रेटरींनी ते दहा मिनिटांवर आणलं. ‘काका, शिंद्यांचं काढा, लोकांना गब्बर हवाय.’ संकलनाचा एवढा भक्त मी, पण स्वतःच्या मजकुराला कात्री लागताच तीन मजले ऐकू जाईल असा ओरडलो. मग रुसून, गब्बरला पूर्ण फाटा देऊन, दहाही मिनिटं शिंद्यांवर बोललो. हशा नाही, टाळ्या नाहीत. ‘बनवाबनवी’सुद्धा राहून गेली.

शेवटी पहिल्या रांगेतल्या जोशीकाकूंनी हात वर केला. मी आशेनं त्यांच्याकडं पाहिलं.

‘शिंदे म्हणजे कुठले हो? साताऱ्याचे का?’

‘धारावीचे,’ मी म्हटलं.

सेक्रेटरींनी माझ्या हातून माईक घेतला आणि तंबोल्याची तिकिटं संपत आल्याचं जाहीर केलं.