बंडखोरी, डिस्टिंक्शनसह

रॉक संगीत मेल्याची बातमी साधारण दर दहा वर्षांनी येते. हळहळ होते, अग्रलेख होतात आणि पुढच्या मोसमात मयताच्या कार्यक्रमाचं तिकीट आणखी महागतं. २०१४ साली ‘किस’ या बँडचे जीन सिमन्स यांनी ‘एस्क्वायर’ मासिकातल्या मुलाखतीत या मृत्यूवर शिक्कामोर्तब केलं. घरातलाच माणूस सांगतोय म्हटल्यावर शंकेला जागा उरली नाही. मग सिमन्स यांनी काय करावं? त्यांच्या बँडने निरोपाचा दौरा काढला. तो २०१९ साली सुरू झाला आणि २०२३च्या डिसेंबरात संपला. शेवटच्या रात्री न्यूयॉर्कमध्ये, यापुढे आमच्या जागी आमच्या संगणकीय प्रतिमा गातील, अशी घोषणा झाली. पुढच्याच वर्षी बँडची गाणी, नाव आणि तोंड रंगवायची ती प्रसिद्ध तऱ्हा असं सगळं एका स्वीडिश कंपनीला विकलं गेलं. किंमत तीस कोटी डॉलरच्या वर, असं तेव्हा छापून आलं. आपल्याकडे तेराव्याला निदान पंगत तरी उठते. इथे मयतानेच गल्ल्यावर बसून पैसे घेतले.

तेव्हा रॉक मेलंबिलं काही नाही. त्याचं जे झालंय ते मरणापेक्षा वाईट आहे. ते घरातल्यांना आवडायला लागलंय.

नव्या वाचकांसाठी थोडा इतिहास सांगायला हवा. १९७२ साली लेड झेपलिनचे जिमी पेज आणि रॉबर्ट प्लांट मुंबईत कुलाब्याच्या ‘स्लिप डिस्क’ या क्लबमध्ये वाजवून गेले. १९८०च्या मार्चमध्ये ‘द पोलीस’ हा बँड मुंबईत आला. १९८६ला धोबी तलावच्या रंगभवनात ‘इंडिपेंडन्स रॉक’ सुरू झालं आणि महेश तिनईकर, उदय बेनेगल यांच्या ‘रॉक मशीन’सारख्या बँडना हजारोंच्या गर्दीपुढे उभं राहायला जागा मिळाली. सरकारी खुलं नाट्यगृह, काळे टी-शर्ट, घामाचा वास आणि परत येताना शेवटची लोकल. त्या काळी घरी खरं सांगून तिथे जायची सोय नव्हती. ‘मित्राकडे जर्नल पूर्ण करायला चाललोय’ हेच त्या मैफलीचं खरं तिकीट होतं. घरी कॅसेट लावली की आतून आवाज यायचा, ‘अरे, त्याला कोण मारतंय का? मग ओरडतोय कशाला?’ वडील फक्त केसांकडे बघायचे आणि बारावीची आठवण करून द्यायचे.

हा विरोध म्हणजे रॉकचं खतपाणी होतं, हे तेव्हा कोणाच्या लक्षात आलं नाही. गाण्यातले शब्द किती जणांना कळत होते, हा प्रश्न न विचारलेला बरा. ज्या इंग्रजीत शिवी द्यायची तरी मनात आधी वाक्य जुळवावं लागायचं, त्या इंग्रजीतलं बंड आम्ही पाठ केलं होतं. शब्द कळले नाहीत तरी अडायचं नाही. वडिलांना हे आवडत नाही, एवढा अर्थ पुरेसा असायचा.

मग सरकारने घाव घातला. २०००च्या ध्वनिप्रदूषण नियमांनी रुग्णालयं, शाळा-कॉलेजं आणि न्यायालयं यांच्याभोवतीचा शंभर मीटरचा परिसर शांतता क्षेत्र ठरवला. एका बाजूला कॉलेज, जवळच रुग्णालयं, अशा ठिकाणी वसलेलं रंगभवन त्यात अलगद सापडलं आणि तिथल्या मैफली थांबल्या. आता गंमत बघा. केस वाढवलेली, कवट्यांचे टी-शर्ट घातलेली, व्यवस्थेला आग लावायच्या गोष्टी करणारी ही पोरं. त्यांनी काय केलं? मुकाट्याने वायरी गुंडाळल्या आणि दुसरं मैदान शोधलं. महाराष्ट्रात ध्वनिप्रदूषणाचा नियम बिनतक्रार पाळणारा बहुधा हा एकमेव ध्वनी. आमच्या गल्लीत मिरवणुकीसाठी डीजेची भिंत उभी राहते, तेव्हा कपाटातली भांडीसुद्धा ड्रम-सोलो वाजवतात. पण तो आवाज रॉकचा नसल्यामुळे त्याला गोंगाट म्हणत नाहीत, परंपरा म्हणतात.

रॉक मात्र सज्जन होत गेलं. किती सज्जन, ते पाहायचं असेल तर शनिवारी संध्याकाळी कोथरूडमधल्या एखाद्या गिटार क्लासच्या जिन्यात उभं राहावं. दाराबाहेर पाटी असते, ‘पादत्राणे येथे काढावीत’. आत नऊ ते चौदा वयाची सात-आठ मुलं अनवाणी पायांनी विद्रोह करत असतात. बाहेर आया बसलेल्या असतात. एकीच्या हातात डबा, दुसरीच्या हातात अबॅकसची पिशवी. सर बाहेर येतात.

‘ताई, हात छान बसलाय त्याचा. फक्त सोलोमध्ये राग कमी पडतोय.’

‘हो का सर? घेते मी घरी करून.’

परीक्षा लंडनच्या मंडळाची. एकूण आठ ग्रेड. ठरलेली गाणी, स्केल्स, कानाची चाचणी, सगळं शिस्तीत. वरच्या ग्रेडला ब्रिटनमधल्या विद्यापीठ प्रवेशाचे गुणसुद्धा मिळतात. आपल्याकडे गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या प्रारंभिकपासून अलंकारपर्यंतच्या परीक्षा आधीपासून आहेतच, त्यामुळे पालकांना ही व्यवस्था चटकन कळली. पूर्वी पेटी-तबल्याला घालायचे, आता डिस्टॉर्शनला घालतात. निकालाच्या दिवशी वाड्यात, आपलं, व्हॉट्सअॅपवर पेढे वाटले जातात: ‘चि.ने रॉक गिटारच्या पाचव्या ग्रेडमध्ये डिस्टिंक्शन मिळवलं. आशीर्वाद असू द्यावेत.’ खाली आत्या लिहिते, ‘असाच मोठा हो.’ आता ज्या बंडखोरीला आत्याचा आशीर्वाद आहे, तिला कोणता तरुण भीक घालेल?

त्याच जिन्यात एक बाबाही असतात. अंगात एसी/डीसीचा टी-शर्ट, तो पोटापाशी जरा ताणलेला. ते सांगतात, ‘मी वाजवायचो ना, तेव्हा आमच्या अण्णांनी गिटार माळ्यावर टाकली होती. मी मध्यरात्री माळ्यावर चढून वाजवायचो. ह्याला मी स्वतः दुकानात जाऊन अठरा हजारांची घेऊन दिली, अँप दिला, हेडफोन दिला. पण हात लावत नाही हो! रोज मागे लागावं लागतं, बस रे रॉक करायला.’

सगळं दुखणं या एका तक्रारीत आलं. पण बाबांना ते दिसत नाही, कारण ते ‘आमच्या वेळी’च्या वयात पोचलेत. कोणे एके काळी याच घराण्यातले आजोबा ऑर्गनच्या पहिल्या सुराला डोळे मिटून ‘बालगंधर्व!’ म्हणायचे आणि नातवाला पुढच्या रांगेत जबरदस्तीने बसवायचे. तो नातू म्हणजेच हे बाबा. नाट्यसंगीतापासून पळून ते रॉककडे गेले आणि आता आपल्या मुलाला रॉकच्या पुढच्या रांगेत जबरदस्तीने बसवतायत. पद्धत तीच, फक्त ऑर्गनच्या जागी अँप आला आणि डोळे मिटण्याऐवजी मान हलते. तीही हल्ली स्पाँडिलायटिसमुळे बेतानेच.

मग तरुणांना रॉक आवडतच नाही का? आवडतं की. छातीवर. मॉलमधल्या कपड्यांच्या दुकानात ‘निर्वाणा’ बँडचा डोळे फुलीचे असलेला पिवळा चेहरा आणि रामोन्सचं गोल चिन्ह घडी घालून रचलेलं असतं. परवा एका घरगुती समारंभात एका काकांनी असा शर्ट घातलेल्या पुतणीला गाठलं. ‘निर्वाणा का? मग त्यांची तीन गाणी सांग बघू.’ ही परीक्षा लंडनच्या मंडळापेक्षा कडक असते. पुतणीने काकांकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि म्हणाली, ‘काका, तुमच्या शर्टावर मगर आहे. तुम्ही तिच्या तीन सवयी सांगता का?’ काका जिलबीच्या दिशेने निघून गेले.

आकडे काय म्हणतात तेही बघू. २०१७ साली अमेरिकेत नील्सनच्या वार्षिक अहवालात हिप-हॉप आणि आर अँड बी मिळून पहिल्यांदाच रॉकच्या पुढे गेले. विकत घेतलेल्या अल्बममध्ये रॉकचा वाटा तेव्हाही सर्वांत मोठाच होता. म्हणजे रॉकला पैसे देणारे होते, पण फोनवर दिवसभर ऐकणारे दुसरीकडे गेले होते. पैसे देतो तो बाप आणि ऐकतो तो मुलगा, हे संशोधन आपण आपल्या घरातही करू शकतो.

मुंबईत तर हे स्थित्यंतर जागेच्या हिशेबानेही होणारच होतं. बँड म्हटला की चार-पाच जण, ड्रम किट, अँप आणि तासाच्या भाड्याची सरावखोली. वन रूम किचनमध्ये ड्रम किट ठेवायचं तर घरातल्या एका माणसाला बाहेर काढावं लागेल. रॅपला एक तोंड आणि एक फोन पुरतो. कुर्ल्याच्या नेझीने २०१४ साली ‘आफत’चा व्हिडिओ आयपॅडवर केला. पुढच्या वर्षी डिव्हाइनबरोबर ‘मेरे गली में’ आलं आणि २०१९ला या दोघांच्या आयुष्यावरून प्रेरित ‘गली बॉय’ हा सिनेमा निघाला. त्याच्या ११ वर्षं आधी रॉकवर आलेला ‘रॉक ऑन’ आठवा. त्यातले दोस्त नोकरी-संसाराला लागतात आणि मग जुनी गिटार काढतात. नायक चक्क इन्व्हेस्टमेंट बँकर असतो. इथे रॉक हा प्रस्थापितांचा छंद झाला आणि तिकडे रॅप हे ज्याच्याकडे काही नाही त्याचं हत्यार. त्यातही भाषा गल्लीतली. शिवी दिली तर आईला कळते आणि ती लगेच बंद कर म्हणते. यालाच म्हणतात लोकाश्रय.

आणि विजय किती पूर्ण? पुण्याच्या ताडीवाला रस्त्यावरचा रॅपर एमसी स्टॅन २०२३च्या फेब्रुवारीत ‘बिग बॉस’ जिंकला. पण रॅपवाल्यांनी फार खूश होऊ नये. सून, सासू आणि आजी जो कार्यक्रम एकत्र बसून बघतात तिथे तुमची ट्रॉफी आली, म्हणजे उतार लागला. आणखी २० वर्षांनी कोथरूडच्या त्याच जिन्यात सर सांगणार, ‘ताई, यमक चांगलंय, शिवीला जरा जोर कमी पडतोय.’

इकडे रॉकचे कार्यक्रम जोरात आहेत. २०२५च्या जानेवारीत नेरूळच्या डी. वाय. पाटील स्टेडियममध्ये कोल्डप्लेचे तीन प्रयोग झाले. तिकिटांवर देशभर झुंबड उडाली, काळ्या बाजाराची चौकशी पोलिसांपर्यंत गेली. जुने जाणते म्हणाले, ‘हे रॉक नव्हे, हे भावगीत आहे.’ म्हणाले आणि सहकुटुंब गेले. त्याच वर्षी मे महिन्यात महालक्ष्मी रेसकोर्सवर गन्स एन’ रोझेस आले. गायक ६३ वर्षांचा, प्रेक्षकांत गुडघ्याला पट्टा लावलेले बरेच. ‘इंडिपेंडन्स रॉक’ २०२२ला पुन्हा सुरू झालं ते मोटारी बनवणाऱ्या उद्योगसमूहाचं नाव पुढे लावून. स्वातंत्र्य हवं, पण प्रायोजकासह. रोलिंग स्टोन्सच्या मिक जॅगर यांनी २०२३ला वयाच्या ८०व्या वर्षी नवा अल्बम काढला. राज्य सरकारी कर्मचाऱ्यांच्या संघटना निवृत्तीचं वय ५८वरून ६० करा म्हणून इतकी वर्षं निवेदनं देतायत. त्यांनी पुढच्या निवेदनाला जॅगर यांचा जन्मदाखला जोडावा.

रॉकला तरुणांनी पुन्हा हात लावला, असं एकदा घडलं होतं. २०२२ साली ‘स्ट्रेंजर थिंग्ज’ या मालिकेत मेटॅलिकाचं १९८६चं ‘मास्टर ऑफ पपेट्स’ वाजलं आणि ३६ वर्षांनी ते गाणं पहिल्यांदाच अमेरिकेच्या ‘हॉट हंड्रेड’ यादीत चढलं. पोरं आपण होऊन ऐकायला लागली. तेवढ्यात घरोघरचे बाबा धावत आले. ‘बघ! मी सांगत नव्हतो? थांब, तुला खरा अल्बम ऐकवतो. क्लिफ बर्टनचा बेस ऐक. हे रेकॉर्डिंग कुठे झालं माहितीये?’ पोरांनी कानातलं काढलं आणि दुसरं काहीतरी लावलं.

म्हणून समस्त पालकांना आमचं हात जोडून सांगणं आहे. रॉक जगावं असं खरंच वाटत असेल तर त्याला पाठिंबा देणं आजपासून थांबवा. मुलाने गिटार मागितली तर नाही म्हणा. कारण विचारलं तर ‘आधी बारावीचं बघ’ एवढंच सांगा. आणलीच तर माळ्यावर टाका, पण शिडी जागेवरच राहू द्या. केस वाढले की जेवताना विषय काढा. परीक्षेचा फॉर्म भरू नका, आत्याला कळवू नका. अंगातला एसी/डीसीचा टी-शर्ट काढून सदरा घाला आणि मेटॅलिका लागली की आतून ओरडा, ‘अरे, त्याला कोण मारतंय का?’ मध्यरात्री माळ्यावरून चुकत-माकत वाजवलेला रिफ ऐकू आला तर अंथरुणात पडून राहा. आणि काहीही झालं तरी ‘वा!’ म्हणू नका.