पाहून आलेले सर

लातुरात औसा रोडला उभं राहून ‘सर’ अशी हाक मारली, तर निम्मा रस्ता वळून बघतो. त्यात गणिताचे सर असतात, केमिस्ट्रीचे असतात, नीटवाले असतात. मी सांगतोय ते यांतले नव्हेत. हे ‘पाहून आलेले सर’. नोकरीतून निवृत्त, लेक-जावई हिंजवडीला, दिवाळी-उन्हाळ्यात तिकडं फेरी, आणि गेले की एक नाटक. संगीत असेल तर फारच उत्तम.

असा माणूस आपल्याकडं दर कॉलनीत एक असतोच. तसं लातूरला दयानंद सभागृह आहे, नांदेडला कुसुम सभागृह आहे, शंकरराव चव्हाण प्रेक्षागृह आहे. राज्य नाट्य स्पर्धेत इथली हौशी मंडळी जीव तोडून नाटकं करतात. पण पुण्या-मुंबईचं गाजलेलं नाटक इकडं यायचं म्हणजे नेपथ्याचा ट्रक, कलावंतांची बस आणि रात्रभराचा रस्ता. ते येईल तेव्हा येईल. तोवर गावाला नाटक पुरवायचं कंत्राट सरांकडं.

सर ‘संगीत देवबाभळी’ पाहून आले, ती ट्रॅव्हल्स पहाटे साडेपाचला गावात शिरली. पहिला प्रयोग आटोवाल्यासमोर झाला. दुसरा दूधवाल्यासमोर, त्याचं माप हवेत धरून. आठ वाजता मी पेपर आणायला निघालो तेव्हा तिसरी घंटा झालेलीच होती.

“हे बघा, सांगण्यासारखं नाटकच नाही ते,” सर म्हणाले. “पाहायलाच पाहिजे.” सरांनी असं म्हटलं की समजायचं, दीड तास गेला.

आधी श्रेयनामावली. “प्राजक्त देशमुख. नाशिकचा पोरगा. लिहिलं त्यानंच, बसवलं त्यानंच. साहित्य अकादमीचा 2020 चा युवा पुरस्कार याच पुस्तकाला. संगीत आनंद ओक. पात्रं किती? दोन! फक्त दोन बाया. शुभांगी सदावर्ते आवली, मानसी जोशी रखुमाई. आणि दोघी सोता गातात.” हे अशा सुरात, की पुरस्काराची शिफारस दयानंद कॉलेजच्या गेटवर बसून सरांनीच केली असावी. मग कथा. तुकाराम भंडाऱ्याच्या डोंगरावर, आवली त्यांना भाकरी घेऊन निघालेली, पोटुशी, वाटेत पायात काटा रुततो. तो काढायला साक्षात विठ्ठल येतो. आणि तिची सेवा करायला रखुमाई तिच्या घरी लखूबाई बनून राहते.

इथं सर गातात. म्हणजे अर्धी ओळ गातात, मग आवाज जिथं फुटतो तिथंच नेमकं भावनेचं कारण देऊन थांबतात, छातीवर हात ठेवतात आणि “हाय!” म्हणतात. मग शर्टाची बाही वर सारून हात पुढं करतात. अंगावर आलेला काटा तुम्ही पाहिल्याशिवाय हात मागं जात नाही. मला त्या हातावर लसीचा व्रण तेवढा दिसतो, पण मी मान हलवतो.

सरांचा खरा हातखंडा म्हणजे नाटक लातूरला आणून बसवणं. रखुमाईची तक्रार काय, असं शेजारच्या काकूंनी विचारलं. सर म्हणाले, “काकू, आपली लातूर-मुंबई गाडी होती की नाही? आपली हक्काची? 2017 ला नेऊन बिदरला जोडली. तसं झालं बघा तिचं. देव तिचा, आणि जागा धरून बसलेत भक्त!” काकूंना रखुमाईचं सगळं दुःख एका दमात कळलं. प्राजक्त देशमुखांना हे सुचलं नसणार, आणि त्याबद्दल सरांनी त्यांना मोठ्या मनानं माफ केलंय.

प्रत्येक नव्या नाटकाची तुलना ‘कट्यार काळजात घुसली’शी होतेच. 1967 सालचं नाटक, दारव्हेकरांचं लेखन, अभिषेकीबुवांचं संगीत, वसंतराव देशपांड्यांचे खाँसाहेब. “ते आता होणे नाही,” असं सर डोळे मिटून म्हणतात. वसंतरावांना त्यांनी पाहिलेलं नाही. पाहिलं होतं त्यांच्या थोरल्या मामांनी; पण मामा असं सांगायचे की पाहिल्यातच जमा. हा गुण त्या घराण्यात आहे.

एवढं सगळं गल्लीत सुखानं चाललं असतं. पण सरांचे व्याही नांदेडचे. आणि व्याह्यांनी तेच नाटक दादरला पाहिलं होतं, शिवाजी मंदिरात.

लातूर-नांदेडचं नातं जाणकारांना सांगायला नको. दोघांकडं दोन-दोन मुख्यमंत्री होऊन गेले, विभागीय आयुक्तालय कुणाकडं यावरून 2009 पासून धुसफूस आहे. त्यात आता देवबाभळी. दोघं समोरासमोर आले येळवशीला, म्हणजे वेळ अमावास्येला, सरांच्या शेतात. कडब्याच्या खोपीत पांडवांची पूजा झाली, भज्जी-आंबील पोटात गेली, मंडळी बाभळीच्या सावलीला टेकली आणि सरांनी घसा साफ केला.

“पाव्हणे, काटा रुततो तिथं पुण्यात टाळ्या पडल्या.”

“दादरला टाळ्या नाही पडल्या,” व्याही म्हणाले. “तिथं लोकं रडायलेत. टाळी वाजवायला हात मोकळा पाहिजे ना, रुमाल कोण धरणार?”

सर जरा चपापले. मग दोघांत पायाचा वाद निघाला. काटा उजव्या पायात की डाव्या? सर उजव्यावर ठाम, व्याही डाव्यावर. बोलण्यानं निकाल लागेना, तेव्हा सर उठले, चपला काढल्या, डोक्यावर टोपलं घेतलं आणि आवली होऊन धुऱ्यानं लंगडत निघाले. बाभळीखालची जमीन ती. चौथ्या पावलाला सरांनी जी किंकाळी फोडली, तसला सूर त्यांना आजवर लागला नव्हता. पाय डावा निघाला. व्याह्यांनी काही न बोलता सुई मागवली, सरांचा पाय मांडीवर घेतला आणि काटा काढता काढता एवढंच म्हणाले, “म्हनलं नव्हतं?”

या सगळ्यात बाई, म्हणजे सरांच्या मंडळी, उंडे भरून देत होत्या. नाटक त्यांनीही पाहिलं होतं, सरांच्या शेजारच्याच खुर्चीत. पण त्यांना आजवर कुणी विचारलंच नव्हतं. व्याह्यांच्या धाकट्या सुनेनं विचारलं, “काकू, तुम्हाला कसं वाटलं?”

बाई म्हणाल्या, “मला काय कळतंय बाई? ती जेवण घेऊन डोंगर चढते अन् देवाचं नाव घेणारा वर बसलेला असतो. पोटात भाकरी नसली की अभंग गोड लागतो, पण तो ऐकणाऱ्याला. थापणारीला नाही.” आणि उठून आंबिलीचं मडकं घेऊन गेल्या.

कुणी काही बोललं नाही. सर तेवढे टोपलं डोक्यावरच ठेवून त्या दिशेला बघत राहिले. मला वाटलं, आता काहीतरी उमगलं असेल.

उमगलं होतंच. दुसऱ्या दिवशी सकाळी गंजगोलाईत भाजी घेताना सर बटाटेवाल्याला सांगत होते, “आणि तिथं आवली म्हणते, पोटात भाकरी नसली की अभंग गोड लागतो, पण ऐकणाऱ्याला, थापणारीला नाही! काय वाक्य लिहिलंय!” हात छातीवर, बाही वर. पुढच्या आठवड्यात नांदेडहून फोन आला, तर व्याहीही तिकडं तेच वाक्य सांगत होते, आणि त्यावर दादरला तीन मिनिटं टाळ्या पडल्या होत्या.

मग आमच्या गल्लीतला एक जण कामानिमित्त मुंबईला गेला आणि खरोखरीचं नाटक पाहून आला. मोठ्या आशेनं त्याला विचारलं, तर तोंड वाकडं करून म्हणाला, “चांगलं आहे. पण ते भाकरीचं वाक्य कापलंय हो त्यांनी. आपल्या सरांसारखं नाही.”