उणे अर्धा लिटर

दुधाचा हिशेब कॅलेंडरवर ठेवणारे एक अण्णा प्रत्येक इमारतीत असतात. आमच्याकडचे दुसऱ्या मजल्यावर राहतात. स्वयंपाकघराच्या दारामागे त्यांचं कॅलेंडर, आणि खिळ्याला दोऱ्याने बांधलेली पेन्सिल. रतीब दीड लिटरचा. पाहुणे आले की संकष्टीच्या चंद्रोदयाशेजारी ‘+¾’, माप कमी भरलं की एकादशीच्या डोक्यावर ‘−¼’, आणि खाडा झाला की चौकोनावर अशी फुली, की त्या दिवशी घरात कोणी गेलं असावं असं वाटावं.

अण्णा पावकी, निमकी, सवायकी, दिडकी, अडीचकी पाठ असलेल्या पिढीचे. औटकी, म्हणजे साडेतीनचा पाढा, ते अंघोळ करताना म्हणतात. पाणी गार असलं तर जरा जलद. १ एप्रिल १९५७ला सोळा आण्यांचा रुपया शंभर नव्या पैशांचा झाला. तारीख बघूनच आपल्याला संशय आला होता, असं ते अजून सांगतात.

परवा सातवीतला नातू गणित घेऊन बसला होता : उणे सव्वादोन अधिक पावणेदोन. त्याने पूर्णांक वेगळे केले, उणे दोन अधिक एक, उणे एक. मग पाव आणि पाऊण मिळून एक. उणे एक अधिक एक, शून्य. वही मिटून तो उठलाच होता.

“थांब,” अण्णा म्हणाले. “सव्वादोन लिटरचं देणं, पावणेदोनचे दिलेस, आणि खातं मिटलं?”

“पण आजोबा, उणे तर दोनाला आहे. पाव अधिकच आहे ना?”

“सातबाऱ्यावर बोजा चढला की विहिरीतल्या पाव हिश्श्यासकट चढतो! नुसत्या जमिनीवर चढून थांबत नाही.”

सातबारा म्हणजे काय, हे विचारण्याची चूक नातवाने केली. त्यात वीस मिनिटं गेली.

शाळेने त्याला अंशाधिक अपूर्णांक करायला शिकवलं होतं : उणे नऊ चतुर्थांश, अधिक सात चतुर्थांश. ते बरोबरच. पण अण्णांना चौकातून वळसा घालून शेजारी जाणं पसंत नाही. “सव्वादोन म्हणजे दोनावर पाव, पावणेदोन म्हणजे दोनाला पाव कमी. दोनात दोन गेले. राहिले इकडचा पाव आणि तिकडचा पाव. दोन्ही देण्याचे.” मला ऐकताना प्रथमच उमगलं, की ‘पावणे’ म्हणताना आपण जन्मभर वजाबाकी करत आलो आहोत. भास्कराचार्यांनी ११५०च्या ‘लीलावती’त सव्वादोन आणि पावणेतीन यांचंच उदाहरण घातलंय. अण्णांच्या मते, त्यांचाही दूधवाला असाच असणार.

नातवाला मात्र पटलं नाही. देणं असतं तर कोणीतरी मागायला आलं असतं, असं त्याचं म्हणणं.

तेवढ्यात महिनाअखेरचा दूधवाला आला. अण्णांनी चष्मा लावला. “तीस दिडके पंचेचाळीस. दोन खाडे, तीन गेले. पाहुण्यांचं पाऊण आलं. बावीस तारखेला तू सव्वाच घातलंस, पाव गेलं. साडेबेचाळीस.”

“बेचाळीसच धरा, अण्णा,” दूधवाला म्हणाला. त्याला अजून दोन मजले चढायचे होते. अण्णा पैसे कापतील ही भीती त्याला कधीच नव्हती. ते समजावून देतील ही होती.

“धरा काय? अर्धा लिटर आम्ही प्यालो ना?”

पण तो बेचाळीसचे पैसे घेऊन जिन्यावर पोचलासुद्धा होता. अण्णा तणतणत आत आले, कॅलेंडरचं पान उलटलं आणि पुढच्या महिन्याच्या पहिल्या चौकोनात, पेन्सिलचं टोक मोडेपर्यंत दाबून, लिहिलं : ‘−½’.

नातवाने मान तिरकी करून ते वाचलं, वही उघडली आणि शून्य खोडलं.